जमावबंदी, उचलून नेणे, तडीपारी : वाचकांचे प्रश्न

या वेळी मराठवाड्यातून आलेल्या बहुतेक पत्रांत एकच उणीव आहे. मनाई झाली, धमकी मिळाली, ठाण्यात बसवले हे सगळे लिहिले आहे; पण आदेश कोणत्या कलमाखाली, कोणाच्या सहीने आणि किती दिवसांचा, हे कोणीच लिहिलेले नाही. सरकारची ताकद कुठे संपते हे त्या तीन गोष्टींवरूनच कळते. म्हणून पुढची उत्तरे कागद समोर ठेवून वाचावीत. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आहे. जुने कलम अजून सगळ्यांच्या तोंडी असल्याने ते कंसात दिले आहे.

प्रश्न : पीकविम्यासाठी तहसीलसमोर धरणे धरायचे ठरवले होते. पोलीस ठाण्यातून नोटीस आली. पीआय साहेब म्हणतात, जमावबंदी आहे, पाच माणसे दिसली तर आत टाकू. आम्ही बसायचे की नाही? (माजलगाव)

आधी दोन कागद वेगळे करा. तुम्हाला मिळालेली नोटीस बहुधा कलम १६८ (१४९) ची आहे. तिचा मजकूर ठरलेला असतो : 'आपल्या कृत्याने कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण झाल्यास आपणास जबाबदार धरण्यात येईल व सदरची नोटीस आपणाविरुद्ध पुरावा म्हणून न्यायालयात सादर करण्यात येईल.' ही ताकीद आहे. तिच्यामुळे शांततेचे धरणे बेकायदा होत नाही. नोटीस घेताना 'प्रत मिळाली', तारीख आणि वेळ एवढेच लिहून सही करा. 'धरणे रद्द करत आहे' असे लिहून मागितले तर ते लिहून देण्याचे बंधन तुमच्यावर नाही. दुसऱ्या दिवशी साध्या कागदावर उत्तर द्या : आंदोलन शांततेचे आहे, रस्ता अडवणार नाही, जागा अमुक, वेळ अमुक ते अमुक. त्याची पोहोच घ्या.

जमावबंदी हा दुसरा कागद, आणि तो पीआयच्या अधिकारातला नाही. आपल्या जिल्ह्यांत तो बहुतेकदा महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली निघतो. पोटकलम १ शस्त्रे, लाठ्या, दगड बाळगण्याबद्दल आहे, पोटकलम ३ जमाव आणि मिरवणुकीबद्दल. सही जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या कार्यालयाची असते. पोटकलम ३ ची मनाई राज्य शासनाच्या मंजुरीशिवाय १५ दिवसांपेक्षा जास्त चालत नाही. म्हणून आदेशावरचा 'पासून' आणि 'पर्यंत' आधी बघा. मुदत संपलेल्या आदेशाचा धाक दाखवला जातो, असे पुष्कळदा घडते. मग खालचा अपवादांचा परिच्छेद वाचा. लग्न, अंत्ययात्रा यांच्याबरोबर 'सक्षम अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी घेतलेले कार्यक्रम' अशी ओळ बहुधा असते. ती असेल तर तुमचा मार्ग तोच.

परवानगीचा अर्ज शक्यतो आठवडाभर आधी ठाण्यात द्या. त्यात जागा, तारीख, सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ, अंदाजे माणसे आणि जबाबदार दोघा-तिघांचे मोबाईल नंबर हवेत. लाउडस्पीकरची परवानगी वेगळी घ्यावी लागते. रात्री १० ते सकाळी ६ तो चालत नाही. नकार द्यायचा असेल तर लेखी आणि कारणासह द्यावा, अशी विनंती अर्जातच लिहा. तोंडी नकारावर कोर्टात भांडायला हातात काही राहत नाही. लेखी नकार मिळाला, किंवा पोहोच असूनही उत्तर आले नाही, तर औरंगाबाद खंडपीठात अनुच्छेद २२६ खाली रिट याचिका करता येते.

आदेश कलम १६३ (१४४) खाली असेल तर त्याचे आयुष्य दोन महिने. त्यापुढे फक्त राज्य शासनच आणि जास्तीत जास्त सहा महिने वाढवू शकते. हा आदेश रद्द करा किंवा बदला, असा अर्ज ज्या दंडाधिकाऱ्यांनी तो काढला त्यांच्याकडेच करता येतो. त्यांनी तुमचे ऐकून घेतले पाहिजे आणि अर्ज फेटाळला तर कारणे लिहिली पाहिजेत. असे आदेश प्रसिद्ध झाले पाहिजेत, त्यात कारणे हवीत, एकामागून एक त्याच त्या आदेशांची माळ लावणे हा अधिकाराचा गैरवापर आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये अनुराधा भसीन खटल्यात सांगितले.

मनाई खरोखर लागू असताना बसलात तर गुन्हा दाखल होऊ शकतो, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. तो भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ (भा.दं.वि. १८८) खाली असेल तर न्यायालयाला त्याची दखल घेता येते ती संबंधित लोकसेवकाच्या लेखी तक्रारीवरच. नुसत्या एफआयआरवर पाठवलेले दोषारोपपत्र त्यामुळे टिकत नाही. वकिलांना हा मुद्दा पहिल्याच तारखेला घ्यायला सांगा. आणि रास्ता रोकोला हे संरक्षण नाही. सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्येच ठरवले आहे.

निजामाच्या राजवटीत 'गश्ती ५३' (गश्ती म्हणजे परिपत्रक) होती. सभा घ्यायची तर आधी परवानगी, आणि ती देणे न देणे सरकारच्या मर्जीवर. आज एकत्र येणे हा अनुच्छेद १९ चा हक्क आहे आणि तो रोखायचा तर कारण सरकारने दाखवायचे आहे. हिंमतलाल शहा खटल्यात १९७२ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच म्हटले : सार्वजनिक जागेवरच्या सभेला शिस्त लावता येते, पण कोणतेही निकष नसलेली मर्जी अधिकाऱ्याच्या हाती देता येत नाही. मराठवाड्यात तरी हा फरक कोणी विसरू नये.

प्रश्न : चुलतभावाला रात्री आठ वाजता आखाड्यावरून (शेतातल्या वस्तीवरून) नेले. 'चौकशी आहे' म्हणाले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अटक दाखवली आणि तिसऱ्या दिवशी दुपारी कोर्टात आणले. हे चालते का? (जिंतूर)

चालत नाही. अनुच्छेद २२(२) आणि कलम ५८ (५७) प्रमाणे अटकेपासून २४ तासांच्या आत माणूस दंडाधिकाऱ्यांसमोर उभा राहिला पाहिजे. प्रवासाचा वेळ तेवढा वजा होतो. सुट्टीचा दिवस ही सबब नाही. हे २४ तास स्टेशन डायरीत नोंद झाल्यापासून मोजायचे नसतात. माणसाला उठून जाण्याची मुभा ज्या क्षणी संपली तेव्हापासून अटक सुरू, असे मुंबई उच्च न्यायालयाने १९९० सालीच म्हटले आहे. तुमच्या भावाचे घड्याळ रात्री आठला सुरू झाले.

ते आठ वाजले हे सिद्ध मात्र तुम्हालाच करावे लागते, आणि नेमके इथे घरचे लोक कमी पडतात. दिवसभर ठाण्याच्या आवारात बसून राहतात, कागद एकही करत नाहीत. माणूस नेल्यावर तासाभरात पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयाला ईमेल करा : नाव, नेल्याची वेळ, जागा, गाडीचा नंबर दिसला असेल तर तो, सोबत कोण होते. ११२ ला फोन केला तर कॉलची नोंद राहते. अटक केलेल्यांची माहिती देणारा नेमलेला अधिकारी प्रत्येक ठाण्यात असतो, आणि जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षातही. कलम ३७ प्रमाणे (हे पोलीस अधिनियमाचे नव्हे, नव्या संहितेचे) ही माहिती ठळक लावलेली असली पाहिजे. त्यांच्याकडे लेखी विचारा.

ठाण्यातले सीसीटीव्ही चित्रण हा सर्वांत भक्कम पुरावा. प्रत्येक ठाण्यात कॅमेरे हवेत आणि चित्रण १८ महिने, यंत्रणा तेवढी नसेल तर निदान वर्षभर जपले पाहिजे, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०२० चा आदेश आहे. तरीही 'त्या दिवशी कॅमेरा बंद होता' हे उत्तर मिळते. म्हणून त्याच आठवड्यात 'अमुक तारखेचे, अमुक वेळेचे, प्रवेशद्वार आणि लॉकअपचे चित्रण जतन करावे' असा अर्ज ठाण्यात, अधीक्षकांकडे आणि दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात द्या.

आता अटकेचे कागद. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात आधी कलम ३५(३) (४१अ) ची हजर राहण्याची नोटीस, हा नियम. अटक करायची तर तिची गरज का, हे लिहावे लागते. ही नोटीस व्हॉट्सअॅपवर चालत नाही, हे जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. अटकेचा पंचनामा घरच्या माणसाच्या किंवा गावातल्या प्रतिष्ठिताच्या सहीने व्हावा लागतो. अटकेची कारणे लेखी, अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत आणि रिमांडसाठी (कोठडी मागण्यासाठी) दंडाधिकाऱ्यांसमोर उभे करण्याच्या निदान दोन तास आधी हातात पडली पाहिजेत, हा सर्वोच्च न्यायालयाचाच नोव्हेंबर २०२५ चा निकाल आहे आणि तो सगळ्या गुन्ह्यांना लागू आहे. 'सही कर' म्हणून पुढे केलेल्या फॉर्मवर नुसते कलमांचे आकडे असतील तर ती कारणे नव्हेत.

सगळ्यात महत्त्वाची वेळ म्हणजे रिमांडची पाच मिनिटे. दंडाधिकारी 'पोलिसांबद्दल काही तक्रार?' असे विचारतात आणि घाबरलेला माणूस 'नाही' म्हणतो. त्या एका शब्दाची नोंद पुढे वर्षानुवर्षे आडवी येते. रात्री आठला नेले, मारले असेल तर कुठे मारले, हे तिथेच बोलायचे. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा देशभराचा क्रमांक १५१०० आहे. कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता वकील मोफत मिळतो. राज्य मानवी हक्क आयोगाकडे तक्रार घटनेपासून एक वर्षाच्या आत करावी लागते.

प्रश्न : भावाला तडीपारीची नोटीस आली आहे. पाच गुन्हे लिहिले आहेत, त्यातले तीन जुने आहेत. जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगर, तिन्ही जिल्ह्यांतून दोन वर्षे बाहेर जा म्हणतात. (अंबड)

नोटीस म्हणजे आदेश नव्हे, अजून वेळ आहे. पण तारीख चुकवू नका. बहुतेक माणसे तिथेच हरतात, आणि मग एकतर्फी आदेश निघतो.

पोलीस अधिनियमाच्या कलम ५६ प्रमाणे तडीपार करायचे तर नुसते गुन्हे दाखल असून भागत नाही. त्या माणसाच्या वागण्याने लोकांच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोका आहे, किंवा तो हिंसेच्या व तत्सम गुन्ह्यांत गुंतलेला असून साक्षीदार भीतीने पुढे येत नाहीत, असे अधिकाऱ्याचे मत पुराव्यावरून व्हावे लागते. कलम ५९ प्रमाणे आरोपांचे सर्वसाधारण स्वरूप लेखी कळवणे, म्हणणे मांडू देणे, वकील आणि साक्षीदार आणू देणे बंधनकारक आहे. गोपनीय जबाब देणाऱ्यांची नावे मात्र मिळणार नाहीत, त्यावर वेळ घालवू नका. त्या जबाबांत घटनेचा काळ, ठिकाण आणि स्वरूप तरी सांगितले आहे का, तेवढे तपासा.

उत्तरासोबत एक तक्ता जोडा : गुन्हा नंबर, वर्ष, कलमे, आज काय स्थिती. निर्दोष सुटला असेल तर निकालाची प्रमाणित प्रत लावा. शेजाऱ्याशी झालेले भांडण, दारूबंदीची केस, आंदोलनातला गुन्हा असे जे जे 'लोकांत दहशत' या व्याख्येत बसत नाही, ते नाव घेऊन वेगळे दाखवा.

तुमच्या जिल्ह्यातलेच एक प्रकरण उपयोगी पडेल. जालना जिल्ह्यातून एका माणसाला दोन वर्षांसाठी तडीपार केले होते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये तो आदेश रद्द केला. तडीपारी हा असाधारण उपाय आहे, त्याने माणूस स्वतःच्या घरात घरच्यांसोबत राहू शकत नाही, पोटाचा धंदाही जाऊ शकतो. जुन्या शिळ्या गुन्ह्यांवर ती उभी राहत नाही, आणि कायद्यातली कमाल दोन वर्षांची मुदत लावायची तर तेवढी का, हे अधिकाऱ्याने लिहिले पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. तीन जिल्हे का, हाही प्रश्न तुमच्या उत्तरात याच धर्तीवर विचारा. सगळे गुन्हे अंबड तालुक्यातले असतील तर बीडचे कारण त्यांनी द्यायचे आहे.

आदेश झालाच तर ३० दिवसांत कलम ६० खाली शासनाकडे अपील, नंतर खंडपीठ. तोवर हद्दीत पाय ठेवू नका. कलम १४२ खाली त्याला दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कोर्टाच्या तारखेसाठी किंवा घरात मयत झाली तर तात्पुरत्या प्रवेशाची परवानगी मिळू शकते, ती लेखी घेऊनच या. गावाला खरोखर वेठीस धरणाऱ्या गुंडासाठी हे कलम असावे, यात आमचा वाद नाही. तालुक्यातल्या भांडकुदळ किंवा नकोशा माणसाला हाकलण्यासाठी ते वापरले जाते, हा आमचा आक्षेप आहे.

प्रश्न : बांधाच्या भांडणात आमच्यावर आणि भावकीवर चॅप्टर केस झाली. तहसीलमध्ये सांगतात, बाँड लिहून द्या, मिटून जाईल. (औंढा नागनाथ)

मिटत नाही. चॅप्टर केसमधला, म्हणजे कलम १२६ (१०७) खाली शांतता राखण्याच्या हमीचा बाँड एक वर्षापर्यंत असतो, आणि त्या काळात शांतताभंग झाल्याचे सिद्ध झाले तर रक्कम जप्त होते, कैदही होऊ शकते. विरुद्ध बाजूने एक एनसी (अदखलपात्र तक्रार) नोंदवली की धावपळ तुमची सुरू. आधी कलम १३० (१११) चा लेखी आदेश मागा. मिळालेल्या माहितीचा गोषवारा, बाँडची रक्कम, मुदत आणि जामीनदार किती, हे त्यात हवे. 'आपसात वाद असून शांतताभंगाची शक्यता आहे' एवढ्या छापील ओळीने भागत नाही. माहितीचा गोषवारा असलाच पाहिजे, हे १९७० साली मधु लिमये खटल्यात ठरले आहे. चौकशी सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत संपली नाही आणि मुदत वाढवण्याची खास कारणे लिहिली गेली नाहीत, तर केस आपोआप संपते. तारखांची नोंद वहीत ठेवा. बांधाची मोजणी भूमी अभिलेख कार्यालयातून करून घ्या. त्या वादाचा निकाल तहसीलदार या केसमध्ये देऊ शकत नाहीत.

प्रश्न : आई ६६ वर्षांची आहे. शेजारच्या प्रकरणात साक्षीदार म्हणून जबाबाला ठाण्यात बोलावतात. (निलंगा)

जाण्याचे बंधन नाही. कलम १७९ (१६०) प्रमाणे कोणत्याही वयाची स्त्री, ६० वर्षांवरील व्यक्ती, १५ वर्षांखालील मूल, दिव्यांग आणि गंभीर आजारी यांचा साक्षीदार म्हणून जबाब त्यांच्या राहत्या घरी घ्यायचा असतो. 'जबाब द्यायला तयार आहे, घरी यावे' असे आईच्या सहीने लिहून ठाण्यात द्या. लिहून घेतलेल्या जबाबावर पोलीस सही मागतील. तपासातल्या जबाबावर साक्षीदाराने सही करायची नसते.