डिस्कचा हटवादी स्क्रू

प्रश्न : गाडीच्या पुढच्या ब्रेक डिस्क स्वतःच बदलायला घेतल्या. कॅलिपर (डिस्कला दोन्ही बाजूंनी पकडणारा ब्रेकचा भाग) निघाला, पण डिस्क हबला, म्हणजे चाक बसतं त्या मधल्या भागाला, धरून ठेवणारे दोन फुलीचे स्क्रू जागचे हलत नाहीत. एकाची फुली तर गोल झाली. ड्रिल मारू का? आणि नव्या डिस्कला हे स्क्रू लावलेच नाहीत तर चालेल का?

उत्तर : अशी फुली मीही गोल केली आहे, शिकाऊ असताना, गिऱ्हाईक शेजारी उभं असताना. उस्ताद काही बोलले नाहीत. माझ्या हातातला स्क्रू ड्रायव्हर काढून घेतला आणि हातोडा दिला.

या स्क्रूचं डोकं निमुळतं असतं आणि डिस्कमध्ये बुडालेलं असतं. पाणी आणि ब्रेकची उष्णता यांनी गंज धरतो तो बहुतेक वेळा तिथेच, डोक्याभोवती. आटे त्यामानाने बरे असतात. म्हणून नुसतं पिळून उपयोग नाही, जोर लावला की फुलीचं टोक वर चढतं आणि कडा खातं. गंज फुटायला ठोका लागतो.

आधी शाबूत स्क्रू घ्या. गाडी जॅक स्टँडवर पक्की आहे ना, बघा. डोळ्यांवर चष्मा चढवा. फुलीतला गंज टोकदार सळईने खरवडून काढा, गंज सोडवणारं तेल टाका आणि थोडा वेळ जाऊ द्या. मग हातोड्याने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या, ठोका बसला की तो स्वतःच थोडा फिरतो. बिट बहुधा 3 नंबरचा लागतो. घरात असतो 2 नंबरचा, आणि फुलीचा घात तिथेच होतो. काही गाड्यांना फुलीऐवजी टॉर्क्सचा (सहा टोकांच्या चांदणीसारख्या खाचेचा) स्क्रू असतो, ते नीट बघून घ्या. ड्रायव्हर सोडवण्याच्या दिशेला लावा, हाताने त्याच दिशेला थोडा ताणून धरा आणि जड हातोड्याने एकच कडक ठोका द्या. दहा टिचक्या मारू नका.

गोल झालेल्याला ड्रिल, बिनधास्त. 6 मिलीमीटरच्या स्क्रूला मधोमध पंचाची खूण करा, आधी बारीक भोक, मग 6.5 चं. आत खोल जायचं नाही. डोकं सुटलं की थांबायचं. डिस्क निघते आणि हबवर बुंधा उरतो. डोक्याची पकड गेलेली असते, त्यामुळे लॉकिंग पक्कड लावली की तो बहुतेक वेळा सहज फिरतो. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला हसूच आलं होतं.

आता दुसरा प्रश्न. डिस्कला खरी दाबून धरतात ती चाकाची बोल्टं किंवा नटं. स्क्रू नसला म्हणून ब्रेक सुटत नाही. पण चाक काढलं की मोकळी डिस्क कलते, मागे गंजाचा कण अडकतो, डिस्क हबवर सपाट बसत नाही आणि ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरतं. म्हणून मी लावतोच, नवाच. हबचा चेहरा वायर ब्रशने चकचकीत करा, स्क्रूच्या आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारा लेप) नखभर लावा. डिस्कवर सांडलं तर ब्रेक क्लीनरने पुसा. आवळताना हात हलका ठेवा. कित्येक गाड्यांना 10 न्यूटन-मीटरच्या आतबाहेरच लागतं, नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. पुढच्या वेळी हा स्क्रू तुम्हालाच काढायचा आहे.

सगळं जोडलं की गाडी हलवण्याआधी ब्रेकचं पेडल कडक लागेपर्यंत दाबा. नव्या डिस्क किंवा पॅडनंतर (पॅड म्हणजे डिस्कवर दाबली जाणारी ब्रेकची पट्टी) पहिलं पेडल रिकामं जातं.