सुट्या सुट्या बागा जोडण्यात काही अर्थ आहे का, की त्याच पैशात अजून एक बाग करावी?

तुमचा प्रश्न असा की शहरात चार-पाच बागा आहेतच, मग त्या जोडत बसायचं की त्याच पैशात अजून एक करायची. मी म्हणेन आधी जोडा, म्हणजे बागांच्या मधे झाडांचा, माणसांना चालता येईल असा सलग पट्टा करा. चहूबाजूंनी रस्ते असलेली बाग म्हणजे बेटच झालं. १९६० च्या दशकात मॅकआर्थर आणि विल्सन या दोन जीवशास्त्रज्ञांनी बेटांचा हिशोब मांडला होता, बेट जितकं लहान आणि एकटं तितक्या प्रजाती कमी, बागेचंही बरंचसं तसंच, एखादा जीव तिथून संपला की बाहेरून परत यायला वाटच नसते.

पण जोडणं म्हणजे नकाशावर हिरव्या पेनाने रेघ मारणं नव्हे (प्रेझेंटेशनमध्ये भारी दिसते ती, मान्य). मी प्रिंट घेऊन ती रेघ पायी चालतो आणि जिथे अडलो तिथे फुली मारतो. एकदा असंच चालताना नाल्याकाठची झाडं रस्त्यापाशी संपली, पलीकडे परत झाडं, मधे नुसता डांबरी रस्ता. एक खार वरच्या केबलवरून सुर्रकन पलीकडे गेली आणि खाली काठी टेकत एक आजी दुभाजकापाशीच उभ्या, कारण क्रॉसिंग बरंच पुढे. खारीला केबल तरी होती! खरा खर्च अशा फुल्यांवर करायचा. फुली छोटीही असते, ब्रिटनमध्ये लोक हेजहॉगसाठी (अंगावर काटे असलेला छोटा प्राणी) कुंपणाच्या तळाला १३ बाय १३ सेंमीचं भोक ठेवतात, बस तेवढंच, पण शेजाऱ्याने पण ठेवलं तर उपयोग.

जागा कुठून आणायची म्हणाल तर सिंगापूरने १९९० च्या दशकापासून नाल्यांच्या आणि रस्त्यांच्या कडेच्या राखीव पट्ट्या वापरल्या, आज तिथे ३०० किमीच्या वर जोडवाटा आहेत.

दिव्यांवरून मात्र भांडण होणार हे धरून चाला. माणसांना, खास करून बायकांना, रात्री उजेड पाहिजे आणि तो रास्तच आहे, पण बऱ्याच वटवाघळांना नि पतंगांना त्याचा त्रास होतो. पट्टा रुंद असेल तर चालायची वाट एका कडेला, दिवे बुटके आणि खाली तोंड केलेले, दुसरी कड काळोखी आणि झुडपांची. अरुंद असेल तर कोणाला तरी झुकतं माप द्यावं लागतं, मी माणसांना देतो.

तुमच्या बागांच्या मधून एखादा नाला जातो का ते आधी बघा, स्लॅब टाकून झाकलेला असला तरी.