वाचकांचे प्रश्न : संगीत विभाग, साथसंगत आणि पोटापाण्याची गोष्ट

प्रश्न : माझी मुलगी बारावी विज्ञान शाखेतून चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली आहे आणि गायनात तिचे विशारदही पूर्ण झाले आहे. आता तिला पुण्याला जाऊन संगीत हाच मुख्य विषय घेऊन पदवी करायची आहे. आमचा तिच्या गाण्याला विरोध नाही. पण गाण्यावर घर चालते का, हे आम्हांला कोणी सांगत नाही. (एक पालक, सांगली)

उत्तर : आपण सांगलीहून लिहीत आहात, म्हणून जवळचेच उदाहरण देतो. आपल्या शेजारच्या मिरजेत पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेले विष्णु दिगंबर पलुसकर यांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. ही संस्था संस्थानिकांच्या खजिन्यावर नव्हे, तर लोकांच्या वर्गणीवर आणि कार्यक्रमांच्या उत्पन्नावर चालली, हे आपण शाळेत वाचले असेल. मला महत्त्वाची वाटते ती त्यापुढची गोष्ट. पलुसकरांनी तेथे मैफली गवयांबरोबरच संगीत शिकवणारे शिक्षक घडवण्यासाठी ‘उपदेशक’ वर्ग चालवला, पुढे संगीताची पुस्तके छापण्यासाठी छापखाना घातला आणि वाद्ये तयार करण्याचा कारखानाही उभारला. म्हणजे संगीतशाळेतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाने व्यासपीठाच्या मध्यभागीच बसायचे आहे, अशी समजूत त्या पहिल्या पिढीचीही नव्हती; ती आपण नंतर करून घेतली. अर्थात, याच पलुसकरांच्या संस्थेची मुंबईतील इमारत कर्जापायी 1924 मध्ये हातची गेली, हेही आपल्यापासून लपवून ठेवणार नाही.

आता पुण्याविषयी. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र 1987 पासून संगीत, नृत्य आणि नाट्य हे तिन्ही विषय गुरुकुल पद्धतीने शिकवते. म्हणजे विद्यार्थी पदवीचा अभ्यासक्रम करतो आणि गुरूपुढे बसून तालीमही घेतो. अशा विभागात प्रवेश घेतल्यावर मुलीला नेमके काय मिळते, याविषयी पालकांची कल्पना बहुधा चुकीची असते. तीन वर्षांत गाणे ‘तयार’ होत नाही. गळ्याची तयारी गुरू आणि रियाज यांच्या हिशेबानेच होते, आणि तो हिशेब विद्यापीठाच्या सत्रांशी जुळत नाही. विभाग देतो ती गोष्ट वेगळी आहे : दिवसभर चार तानपुरे चालू असलेली जागा, रोज ठेका धरायला तयार असलेले तबल्याचे विद्यार्थी, आपल्याहून चांगले गाणारी दोन-चार समवयस्क मुले, आणि पलीकडच्या खोलीत एकांकिकेची तालीम करणारे, ‘या प्रवेशाला काहीतरी चाल बांधून दे’ म्हणून हात धरून ओढणारे नाट्यविभागाचे विद्यार्थी. मी ज्या विभागात शिकवले, तेथे माझ्या विद्यार्थ्यांनी मिळवलेल्या पहिल्या दहा कामांपैकी निम्मी तरी या शेजारातून आलेली होती.

घर चालते का, याचे प्रामाणिक उत्तर असे की केवळ मैफलींवर फार थोड्यांचे चालते, आणि तेही उशिरा. बाकीच्यांचे उत्पन्न चार-पाच ठिकाणांहून गोळा होते : शिकवण्या, शाळेतील संगीतशिक्षकाची नोकरी, नृत्याच्या कार्यक्रमातील गायन, जाहिरात आणि मालिकांसाठी ध्वनिमुद्रण, अभंगवाणी आणि भावगीतांचे कार्यक्रम, आकाशवाणी. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. डॉ. प्रभा अत्रे यांच्याकडे विज्ञान आणि कायदा अशा दोन पदव्या होत्या. त्यांनी आकाशवाणीत नोकरी केली, 1979 ते 1992 या काळात मुंबईच्या एसएनडीटी महिला विद्यापीठात संगीत विभागाचे प्रमुखपद सांभाळले आणि हे सारे करत असतानाच त्या पहिल्या रांगेतल्या गायिका होत्या. आपल्या मुलीची विज्ञानाची बैठक वाया जाईल, ही भीतीही सोडून द्यावी. ध्वनिमुद्रण, श्रवणशास्त्र आणि वाद्यनिर्मिती या तिन्ही ठिकाणी गळा आणि विज्ञान दोन्ही असलेली माणसे कमी आहेत. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण जवारी काढणाऱ्या, म्हणजे घोडी घासून तारेच्या नादाला गुंजन आणणाऱ्या कारागिराच्या कानाला जे कळते ते मोजून, नोंदवून ठेवणारे शिक्षित संगीतज्ञ आजही बोटांवर मोजण्याइतकेच सापडतील.

एक अट मात्र मुलीला घालावी. पुण्यात गेल्यावर पहिल्याच वर्षी तिने गुरू बदलण्याची घाई करू नये, आणि सांगलीच्या गुरूंकडे महिन्यातून एकदा तरी येऊन बसावे.

प्रश्न : मी महाविद्यालयाच्या संगीत विभागात तबला शिकतो. गायनाच्या सर्व विद्यार्थ्यांच्या परीक्षा, सराव आणि कार्यक्रम यांना आम्ही तबल्याची तीन मुलेच साथ करतो. बाहेरच्या कार्यक्रमातही गायकाला बिदागी मिळते आणि आम्हांला ‘घरचाच आहेस’ असे ऐकावे लागते. साथ करत राहिलो तर एकल वादक म्हणून माझे नाव होणार नाही, असे मित्र म्हणतात. (एक विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर : आपल्या पत्रात दोन तक्रारी एकत्र गुंतल्या आहेत, त्यांपैकी पहिली खरी आहे आणि दुसरी खोटी.

पैशांची तक्रार खरी आहे. विभागातील सराव आणि परीक्षा हा शिक्षणाचा भाग आहे, तेथे मानधनाचा प्रश्न येत नाही. पण तिकीट लावलेल्या किंवा यजमानाने बिदागी दिलेल्या कार्यक्रमात साथीदाराचा वाटा ठरलेलाच असला पाहिजे. तो कार्यक्रम संपल्यावर, तबला पिशवीत भरताना विचारू नका. तारीख देतानाच विचारा. संकोच वाटत असेल तर रकमेपासून सुरुवात न करता प्रवास, राहणे आणि वाद्याचा खर्च यांपासून करा. गायकांना बहुधा ठाऊक नसते की साथीला एक तबला पुरत नाही. विभागातील मुली काळी चारमध्ये, म्हणजे संवादिनीची चौथी काळी पट्टी षड्ज धरून, गाणार आणि मुले काळी एकमध्ये. काळी चारचा मध्यम (चौथा स्वर) काळी एक असतो म्हणून एखाद्या रागात एका तबल्यावर निभावते, पण राग आणि गाणारा बदलला की दुसरा तबला काढावाच लागतो. पुडी (वरचे कातडे) फुटली, वादी (ते ताणणारा कातडी पट्टा) सैल झाली, शाई (मधला काळा लेप) उडाली, तर तो खर्च आपल्याच खिशातून जातो. हे शांतपणे सांगितले की समोरचा माणूस बहुधा खजील होतो. होत नसेल, तर पुढची तारीख मोकळी नाही असे सांगण्याचा अधिकार आपल्याला आहे.

दुसरी तक्रार आपल्या मित्रांची आहे, आपली नव्हे, असे मला वाटते. विलंबित ख्यालात चाळीस मिनिटे एकतालाचा ठेका एका लयीत धरून ठेवणे, गायक समेच्या (तालाच्या पहिल्या मात्रेच्या) अलीकडे अडखळला तर त्याला न दाखवता सावरून घेणे, ठुमरीत लग्गी (शेवटचे द्रुत, खेळकर वादन) कधी सुरू करायची हे गायकाच्या श्वासावरून ओळखणे, हे एकल वादनाच्या रियाजात शिकायला मिळत नाही. एकल वादनासाठी मात्र आपल्याला लहरा, म्हणजे तालाच्या आवर्तनाएवढी पुन्हापुन्हा वाजणारी धून, धरणारा लागतो, आणि येथे माझा सल्ला आपल्या पिढीला जरा जुनाट वाटेल : मोबाईलवरच्या लहऱ्यावर सगळा रियाज करू नका. ते यंत्र आपल्या चुकीला दाद देत नाही आणि आपल्या बरोबरलाही देत नाही. विभागातील संवादिनीच्या (हार्मोनियमच्या) विद्यार्थ्याशी अदलाबदल करा. त्याने आपल्यासाठी अर्धा तास लहरा धरावा, आपण त्याच्यासाठी अर्धा तास ठेका धरावा. संवादिनीच्या मुलांचे दुःख आपल्यापेक्षा मोठे असते, हेही त्या निमित्ताने कळेल. आकाशवाणीने 1940 च्या सुमारास या वाद्यावर बंदी घातली आणि ती तीस वर्षांनंतर सैल होऊ लागली. तरी एकल संवादिनीवादन ऐकायला श्रोत्यांना बोलावणे आजही सोपे नाही.

प्रश्न : संगीतात एम.ए. झाल्यावर महाविद्यालयात शिकवण्यासाठी नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा द्यावीच लागते का? (नाशिक)

उत्तर : सर्वसाधारण मार्ग तोच आहे : खुल्या प्रवर्गासाठी एम.ए.ला किमान 55 टक्के गुण आणि नेट किंवा सेट (राज्याची पात्रता परीक्षा), अथवा नियमांनुसार मिळवलेली पीएच.डी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीत संगीतासाठी आणखी एक वाट आहे. पदवीधर असलेला, नामवंत गुरूंकडे शिकलेला, आकाशवाणी किंवा दूरदर्शनचा ‘ए’ श्रेणीचा कलाकार, जो विषय शास्त्रासह आणि प्रात्यक्षिकासह शिकवू शकतो, तोही सहायक प्राध्यापकपदासाठी पात्र ठरू शकतो. ‘ए’ श्रेणी मिळवणे नेटपेक्षा सोपे आहे, असे कृपया समजू नये.

प्रश्न : महाविद्यालयाच्या एकांकिकेसाठी मी बांधलेली चाल एका निर्मात्याला आवडली असून त्याला ती वेब मालिकेत वापरायची आहे. तो ठरावीक रक्कम देऊन ‘सर्व हक्क’ मागतो आहे. सही करू का? (एक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : आज करू नका. प्रथम हे लक्षात घ्या की चाल, तिच्यावरचे शब्द, ती गाणाऱ्याचा आविष्कार आणि तिचे ध्वनिमुद्रण या कायद्याच्या दृष्टीने चार वेगळ्या वस्तू आहेत आणि त्यांचे मालकही वेगळे असू शकतात. शब्द आपल्या मित्राचे असतील तर त्याच्या वतीने आपण काहीही लिहून देऊ शकत नाही. कॉपीराइट कायदा 1957 चा असला, तरी 2012 च्या दुरुस्तीने संगीतकार आणि गीतकार यांना बरेच बळ दिले. त्यांच्या रचनेच्या ठरावीक वापरांपोटी मिळणाऱ्या रॉयल्टीतील समान वाटा त्यांना निर्मात्याला लिहून देता येत नाही, दिला तरी तो करार त्या भागापुरता टिकत नाही. म्हणून ‘सर्व हक्क’ हे शब्द वाचून घाबरू नका. मात्र त्यांच्यावर डोळे झाकून सहीही करू नका.

हक्कांचे हस्तांतरण लेखीच असावे लागते. करारात चाल कशासाठी, किती काळासाठी आणि कोणत्या प्रदेशासाठी दिली, रक्कम किती, आणि श्रेयनामावलीत आपले नाव कसे येणार, हे स्पष्ट लिहून घ्या. एखाद्या वकिलाला कागद दाखवण्याचा खर्च आपल्याला मिळणाऱ्या रकमेच्या मानाने जड वाटेल, तरी तो करा. प्रदेश लिहिला नसेल तर कायदा तो भारतापुरता धरतो आणि मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षे धरतो. ही पाच वर्षे हस्तांतरणाच्या दिवसापासून मोजली जातात, तेव्हा सहीखाली तारीख आपल्या हाताने घाला.