ब्रह्मपुत्रेवरून झुलत्या डब्यातून

प्रश्न : आईला घेऊन गुवाहाटीला निघालोय. तिचे गुडघे दुखतात. तिथल्या रोपवेत बसवू का?

उत्तर : जरूर बसवा! कचारी घाटावरून निघणारा हा रोपवे 2020 मध्ये सुरू झाला. सुमारे 1.8 किलोमीटरची वाट, एका डब्यात तीसेक माणसं, जेमतेम आठ-दहा मिनिटांत उत्तर गुवाहाटी. खाली उमानंदाचं हिरवंगार बेट दिसतं. मला मात्र नदीचं ते अफाट पात्रच बघत राहावंसं वाटलं. नदी पश्चिमेला वाहते, म्हणून सूर्य पात्राच्या दिशेनेच मावळताना दिसतो; आईंना संध्याकाळी पश्चिमेकडच्या काचेशी उभं करा. पलीकडे दौल गोविंद मंदिर आहे. तिथे रिक्षानेच न्या. पावसापाण्यात रोपवे बंद असू शकतो, सकाळीच चौकशी करा.