टक्क्याआधी कलम बघ

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

कॅलिफोर्नियातल्या तुझ्या डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे तिथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेच्या, शिक्षक युनियनने तुला वाटाघाटीच्या टीममध्ये घेतलं हे कळलं, फार बरं वाटलं. आपल्याकडे वेतन आयोग बसतो, राज्य शासन निर्णय काढतं आणि गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत तीच वेतनश्रेणी लागते. तिथे बराचसा पैसा राज्याकडून येतो, पण पगार, रजा, बदल्या, वर्गात मुलं किती हे प्रत्येक डिस्ट्रिक्ट आपल्या युनियनशी बसून ठरवतं. करार जास्तीत जास्त तीन वर्षांचा. तुमच्या टेबलावर जे सुटेल ते वरून कुणी भरून देणार नाही, म्हणून तयारीबद्दलच जास्त लिहिते आहे.

या बोलणीचा राज्याचा कायदा १९७५ चा, लोक त्याला रॉडा अ‍ॅक्ट म्हणतात. त्यातलं कलम ३५४३.२ नीट वाच. कोणत्या विषयांवर डिस्ट्रिक्टला बोलणी करावीच लागतात ते तिथे आहे: पगार, कामाचे तास, आरोग्य विमा, रजा, बदली, सुरक्षितता, वर्गसंख्या, मूल्यमापनाची पद्धत, तक्रार निवारण. अभ्यासक्रम आणि पाठ्यपुस्तकांवर फक्त सल्लामसलतीचा हक्क आहे. दोन्ही बाजूंचे पहिले प्रस्ताव डिस्ट्रिक्ट चालवणाऱ्या बोर्डाच्या जाहीर सभेत मांडावे लागतात आणि लोकांना मत द्यायला वेळ मिळाल्यावरच बोलणी सुरू होतात. तेव्हा तुमचा पहिला कागद पालक वाचणार आहेत हे धरूनच लिहा.

आता पैसा. इथे घाई करू नकोस.

डिस्ट्रिक्ट सांगेल, ‘एक टक्का वाढ म्हणजे अमुक डॉलर.’ तो आकडा स्वतः काढ. समज, तुमच्या सभासदांच्या पगाराचा वर्षाचा खर्च ४ कोटी डॉलर आहे. एक टक्का म्हणजे ४ लाख. त्यावर शिक्षक पेन्शन फंडाचा मालकाचा हिस्सा १९.१ टक्के आणि मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याचा हिस्सा, १.४५ टक्के, म्हणजे आणखी सुमारे ८२ हजार. कामगार भरपाईचा विमा वेगळा. साधारण ४ लाख ९० हजारांच्या आसपास उत्तर यायला हवं. त्यांचा आकडा बराच मोठा असेल तर विचार, यात प्रशासक आणि इतर कर्मचारी धरलेत का? एका युनियनला दिलेली वाढ सगळ्यांना देण्याची प्रथा बऱ्याच ठिकाणी असते. तो खर्च खरा असतो, पण तो तुमच्या टक्क्याच्या नावावर चढवू देऊ नका.

दुसरी बाजू जमेची. राज्य शाळांच्या निधीत बहुतेक वर्षी महागाईची वाढ देतं. २०२३-२४ ला ती ८.२२ टक्के होती आणि पुढच्याच वर्षी १.०७. ही अख्खी वाढ पगाराला मिळावी असं सभासदांना वाटतं, पण पैसा हजेरीवर मिळतो. मुलं घटली की मुलामागचा दर वाढूनही एकूण रक्कम तिथल्या तिथे राहते. शिवाय करार झाला नाही तरी शिक्षक दरवर्षी श्रेणीत एक पायरी वर चढतात, तो खर्च आधीच धरलेला असतो. हे सभासदांना पहिल्याच बैठकीत सांगा. शेवटी सांगितलंत तर टीमने माघार घेतली असाच अर्थ निघतो.

मग पैसा दडतो कुठे? डिस्ट्रिक्टच्या हिशेबात खर्चाच्या खात्यांना क्रमांक असतात: ४००० च्या मालिकेत पुस्तकं आणि साहित्य असतं, ५००० मध्ये बाहेरच्या सेवा आणि कंत्राटं. मागच्या चार-पाच वर्षांचे दोन कागद शेजारी ठेव: जूनमध्ये मंजूर झालेलं अंदाजपत्रक आणि वर्ष संपल्यावर सप्टेंबरच्या मध्यापर्यंत येणारे प्रत्यक्ष खर्चाचे आकडे. दर वर्षी या दोन मालिकांत खर्च जास्त दाखवून शेवटी शिल्लक निघत असेल, तर ती सवय आहे. एका वर्षाचा फरक दाखवलास तर ‘यंदा अपवाद’ म्हणतील. पाच वर्षांच्या तक्त्यापुढे तसं म्हणता येत नाही. राखीव निधीही बघ. रोजची सरासरी हजेरी १,००१ ते ३०,००० मुलांची असलेल्या डिस्ट्रिक्टला एकूण खर्चाच्या किमान ३ टक्के ठेवावाच लागतो. कुणी १५ टक्के बाळगून बसलं असेल तर त्यातलं बंधनात अडकलेलं किती आणि मोकळं किती, हे लेखी माग. आणि एक पथ्य पाळ: साठलेली शिल्लक एकदाच खर्च होते, पगारवाढ दर वर्षी लागते. शिल्लक दाखवून कायमची वाढ मागितलीत की समोरचा हिशेबनीस पहिल्या पाच मिनिटांत तुमचा मुद्दा मोडतो. शिल्लक एकरकमी रकमेसाठी वापरा, कायमच्या वाढीसाठी दर वर्षी उरणारा फरक दाखवा.

माहिती मागायची ती तारीख घालून, ईमेलने. कोणत्या पायरीवर किती शिक्षक, विम्याच्या कोणत्या योजनेत किती, ठरावीक तारखेची वर्गवार पटसंख्या. बोलणीसाठी लागणारी माहिती देणं त्यांना बंधनकारक आहे. टाळाटाळ झाली तर राज्याच्या रोजगार संबंध मंडळाकडे तक्रार होते आणि तिथे तारखाच उपयोगी पडतात.

आता मथळ्यातली गोष्ट. लॉस एंजेलिसच्या शिक्षकांनी जानेवारी २०१९ मध्ये शाळेचे सहा दिवस संप केला. पगारवाढ मिळाली ६ टक्के, आणि तेवढी तर डिस्ट्रिक्टने संपाआधीच देऊ केली होती. मग पदरात काय पडलं? त्यांच्या जुन्या करारात वर्गसंख्येची मर्यादा होतीच, पण शेजारी १.५ नावाचं पोटकलम होतं. त्याच्या आधारे पैशाची अडचण सांगून डिस्ट्रिक्टला ती मर्यादा ओलांडता येत होती. ते पोटकलम गेलं. शिवाय प्रत्येक शाळेत पूर्ण आठवडा नर्स आली. माझ्या मते त्या संपाची खरी कमाई हीच.

म्हणून तुमच्या वर्गसंख्येच्या कलमात चार गोष्टी शोध. संख्या प्रत्येक वर्गाची आहे की शाळेची सरासरी? सरासरी असेल तर एका वर्गात ३८ मुलं असूनही करार मोडत नाही. मोजणी कोणत्या तारखेला? मर्यादा ओलांडली तर किती दिवसांत काय करायचं? आणि या कलमावरची तक्रार लवादापर्यंत जाते की प्रशासनाच्या दारातच थांबते? ‘शक्यतो प्रयत्न करेल’ अशी भाषा असेल तर ते कलम नसल्यात जमा आहे.

टेबलावर एकच जण बोलतो, दुसरा फक्त टिपणं घेतो: वेळ, कोण, नेमके शब्द. पुढे कलमाच्या अर्थावरून वाद झाला की हीच टिपणं लवादापुढे जातात. मतभेद असला तर चिठ्ठी सरकवा आणि बाहेर जाऊन बोला. अनेक मागण्यांचा एकत्र प्रस्ताव देताना ‘हा सगळा मिळून’ असं कागदावरच लिहा, नाहीतर त्यातली तुमची सवलत तेवढी उचलली जाते. आणि सभासदांना काही सांगायचं नाही असा नियम सुरुवातीला मान्य करू नका. बातमी तुमच्याकडून गेली नाही की अफवा जाते.

बोलणी फिसकटलीच तर कोणतीही बाजू कोंडी झाल्याचं कळवू शकते. मंडळ मध्यस्थ देतं, त्याचे पैसे लागत नाहीत. १५ दिवसांत तोडगा निघाला नाही आणि मध्यस्थाने तसं ठरवलं, तर तिघांची सत्यशोधन समिती बसते: एक तुमचा, एक त्यांचा, अध्यक्ष मंडळाचा. अहवाल बंधनकारक नसतो, पण तो जाहीर होतो. म्हणून वरचा पाच वर्षांचा तक्ता तिथे पुन्हा लागतो. ही पायरी संपली की डिस्ट्रिक्ट आपला शेवटचा प्रस्ताव लादू शकतं आणि तुम्ही संपावर जाऊ शकता. तिथवर पोचण्याआधी प्रत्येक शाळेत किती जण खरंच बाहेर पडतील हे नावानिशी माहीत हवं. हात वर केलेले मोजून ते कळत नाही. प्रत्येक शाळेतला प्रतिनिधी एकेकाशी बोलला असेल तरच कळतं.

करार जमला तरी सभासदांचं मतदान, खर्चाचा जाहीर खुलासा आणि बोर्डाची मंजुरी बाकी असते. मतदानाआधी फक्त सारांश वाटू नका. बदललेलं प्रत्येक वाक्य, जुनं खोडून आणि नवं अधोरेखित करून, सगळ्यांना वाचायला किमान दोन दिवस द्या.

पहिला प्रस्ताव तयार झाला की मला पाठव, वर्गसंख्येचं कलम आधी.

कळावे, लोभ आहेच.