गुढीपाडव्याजवळचा रमजान आणि आणखी काही प्रश्न

‘अल्लाह’ हा मुसलमानांचा वेगळा देव आहे का? (एक वाचक, कराड)

अल्लाह हा अरबी शब्द आहे. अरबी बोलणारे ख्रिस्तीही प्रार्थनेत देवाला अल्लाहच म्हणतात. इस्लामचा पाया कलम्यात आहे: अल्लाहशिवाय कुणी पूजनीय नाही आणि मुहम्मद हे त्याचे प्रेषित आहेत. प्रेषित म्हणजे निरोप आणणारा माणूस. त्यामुळे मुहम्मद पैगंबरांबद्दल कितीही प्रेम असलं तरी त्यांची पूजा होत नाही.

रमजान कधी उन्हाळ्यात, कधी थंडीत कसा येतो? आमची दिवाळी तर ठरलेल्या ऋतूतच असते. (एक शिक्षिका, सांगली)

हा प्रश्न मला फार आवडला, कारण उत्तर तुमच्या घरच्या कालदर्शिकेतच आहे. आपले मराठी महिने आणि हिजरी म्हणजे इस्लामी महिने, दोन्ही चंद्रावर चालतात. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, म्हणजे सौरवर्षापेक्षा साधारण ११ दिवसांनी लहान. पंचांग ही तूट अधिक महिना घालून भरून काढतं. इस्लाममध्ये तशी सोय नाही. कुराणाच्या नवव्या अध्यायात महिने बाराच असल्याचं सांगितलं आहे आणि ते पुढेमागे करायला मनाई आहे.

२०२१, २०२२ आणि २०२३ अशी सलग तीन वर्षं पाडवा आणि पहिला रोजा एक-दोन दिवसांच्या अंतराने आले, आठवतंय? मग २०२३मध्ये अधिक श्रावण आला आणि २०२४चा रमजान फाल्गुनात सरकला. त्याआधी २०१८मध्ये रमजान आणि अधिक ज्येष्ठ जवळजवळ बरोबरच सुरू झाले होते. साधारण ३३ वर्षांत रमजान सगळे ऋतू फिरून येतो. मला यात मोठा न्याय दिसतो. जूनचा लांबलचक दिवस आणि डिसेंबरचा आखूड दिवस, दोन्ही प्रत्येकाच्या वाट्याला येतात. कोणत्याही एका देशाला कायम सोपे रोजे मिळत नाहीत.

माझ्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी रोजे धरतो. त्याच्यासमोर डबा खाल्ला तर त्याचा रोजा मोडतो का? (एक वाचक, ठाणे)

नाही, निर्धास्त खा. रोजा त्याचा आहे, तुमच्या डब्याने त्याला काही होत नाही. इतकंच काय, रोजा असल्याचं विसरून त्याने स्वतःच पाणी प्यायलं तरी बहुतेक धर्मशास्त्रींच्या मते रोजा मोडत नाही. आठवताक्षणी थांबायचं आणि रोजा पुढे चालू ठेवायचा. आजारी माणसाने आणि प्रवाशाने रोजा सोडला तर नंतर भरून काढावा. म्हातारपणामुळे किंवा कायमच्या दुखण्यामुळे ज्याला जमणारच नाही, त्याने प्रत्येक रोजामागे एका गरिबाला जेवू घालावं. डॉक्टरांनी मनाई केली असतानाही हट्टाने रोजा धरणारे लोक मी पाहिले आहेत आणि मला ते पटत नाही. रोजांच्या आज्ञेसोबतच कुराण सांगतं की अल्लाहला तुमच्यासाठी सोपेपणा हवा आहे, अवघडपणा नको.

नमाज पश्चिमेकडे तोंड करून का पढतात? (एक विद्यार्थी, लातूर)

दिशा पश्चिमेची नाही, मक्केतल्या काबा या पवित्र वास्तूची आहे. महाराष्ट्रातून काबा पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे येतो. इस्तंबूलचा माणूस दक्षिणेच्या बाजूला वळतो, केपटाउनचा उत्तरेच्या. खुद्द काबाभोवती तर लोक गोल करून उभे राहतात. सुरुवातीच्या काळात मुसलमान जेरुसलेमकडे तोंड करत. ती दिशा इ.स. ६२४च्या सुमारास, मदिनेत असताना बदलली.

जकात म्हणजे दानच ना? (एक गृहिणी, चिपळूण)

दान ऐच्छिक असतं. जकात ठरलेली रक्कम आहे आणि ती गरिबाचा हक्क मानली जाते. साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी, किंवा त्या किमतीची बचत, चांद्रवर्षभर राहिली तर अडीच टक्के द्यायचे. चार लाखांवर दहा हजार. राहतं घर, रोजच्या वापरातली गाडी यांचा हिशेब होत नाही. आईवडिलांना आणि मुलांना जकात देता येत नाही, कारण त्यांना सांभाळणं हे आधीच तुमचं कर्तव्य आहे. गरजू बहिणीला मात्र देता येते. कर्जात बुडालेला माणूस तर कुराणात सांगितलेल्या आठ हक्कदारांपैकीच एक. तेव्हा जकात काढताना आधी आपल्या नात्यात आणि गल्लीत कुणी अडलेलं आहे का, ते विचारून घ्या.