साखर नव्हती, मग इन्सुलिन कशाला?

प्रश्न : माझे दीर (वय ३४) अंबडच्या कारखान्यात गरम तेलाच्या भडक्यात भाजले. डॉक्टर ४० टक्के म्हणाले. अडीच आठवडे अतिदक्षता विभागात आहेत. त्यांना कधी साखर नव्हती, तरी इन्सुलिन सुरू केलंय. सासूबाई हबकल्यात. जिममधला मित्र म्हणतो, "ग्रोथ हार्मोनची इंजेक्शनं आणतो, मांस भरून येईल." द्यावीत का? भेटायलाही सोडत नाहीत.
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : ताई, ती इंजेक्शनं आणू देऊ नका. मित्राला आजच सांगा, मग पुढचं वाचा.

इन्सुलिन लागलं म्हणजे मधुमेह जडला असं नाही. एवढं भाजलं की शरीरात कॉर्टिसोल, ॲड्रेनॅलिन, ग्लुकागॉन या ताणाच्या हार्मोनांचा पूर येतो. साखर चढते, मांड्यादंडांचं मांस झडतं, पडल्यापडल्या नाडी पळते. जखमा भरल्यावरही हे वर्ष-दोन वर्षं रेंगाळू शकतं. साखर चढलेली असली की पांढऱ्या पेशी जंतूंशी नीट लढत नाहीत. इन्सुलिन साखर आवरतं आणि मांसाची झीजही कमी करतं. भाजलेल्या माणसाला ताप बहुधा असतोच, नुसत्या तापावरून जंतुसंसर्ग ओळखता येत नाही, म्हणून राउंडला मी साखरेचा तक्ता आधी बघते. आटोक्यातली साखर अचानक उसळली, नळीतून दिलेलं पोटात टिकेना, की पहिली शंका जंतुसंसर्गाची.

भाजलेल्या मुलांमध्ये ग्रोथ हार्मोनने जखमा लवकर भरल्याचं दिसलं होतं, त्यामुळे मित्राची आशा मला समजते. पण १९९९ मध्ये युरोपातल्या ५३२ अत्यवस्थ प्रौढांवरचे दोन अभ्यास प्रसिद्ध झाले. ते रुग्ण भाजलेले नव्हते, पण हार्मोन मिळालेल्या गटात मृत्यू जवळजवळ दुप्पट झाले. शिवाय हे हार्मोन साखर वाढवतं. तुमच्या दिरांची साखर आवरायला डॉक्टर झटताहेत, त्यात हे नकोच.

भेटीचं म्हणाल तर, कातडी हीच आपली भिंत, ती ४० टक्के गेली आहे. स्यूडोमोनास नावाचा जंतू ओलाव्यात वाढतो, अगदी नळाच्या तोटीतही. माझ्या वॉर्डात कित्येक आया रामकुंडाचं तीर्थ घेऊन येतात. त्यांची श्रद्धा मी मोडत नाही, हात जोडून एवढंच म्हणते, आई, हे देव्हाऱ्यात ठेवा, जखमेला लावू नका. सासूबाईंनाही तसंच सांगा. आत सोडलं तर कोपरापर्यंत हात धुऊन, गाऊन घालून जा. आणि डॉक्टरांना रोज दोन गोष्टी विचारा : आज साखर किती होती, आणि पोटात अन्न किती गेलं?